मी बंद झालेच नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी विजेची शेगडी आहे. माझ्यासारख्यांनी आपली कहाणी सांगायची म्हणजे आधी कारखाना, मग दुकान, मग घर आणि शेवटी भंगार अशी रीत आहे. माझी भंगारात जायची वेळ अजून आलेली नाही. पण माझ्यामुळे एका भल्या माणसावर आळ आला. चार महिने मला सगळं ठाऊक होतं आणि एक शब्दही बोलता आला नाही. ते मनात ठेवून आता बसवत नाही, म्हणून सांगते.

जन्माचं थोडक्यात सांगते. एका लांबच लांब शेडमध्ये पत्रा कापून, दाबून, त्यावर पांढरा लेप चढवून मला घडवलं. वर चार बर्नर बसवले, दोन मोठे आणि दोन छोटे. समोर चार गोल बटणं आली. तुम्हाला बाहेरून दिसतं ते फक्त बटण. त्याच्यामागे, आत अंधारात, एकेक स्विच असतो, आणि खरं काम तो करतो. त्या चार स्विचना वायरी जोडायचं काम एका बाईकडे होतं. ती प्रत्येक वायर लावल्यावर एकदा ओढून बघायची. तिला घाई कशी ती माहीतच नव्हती.

बटण बंदच्या खुणेवर आलं, की आतून टक् असा आवाज होतो. मित्रांनो, ते टक् म्हणजे आम्हा शेगड्यांनी माणसांना दिलेला शब्द असतो. मी बंद झाले, आता खुशाल जा, एवढंच आम्ही त्यातून सांगतो. याखेरीज आम्हाला दुसरी भाषा नाही.

दुकानात मला निवडलं ते आप्पांनी, आणि तेही कानाने. घरात मुलाचं लग्न झालं होतं, नवा संसार, नवी शेगडी हवी होती. मुलगा आणि सून चकाकी बघत होते, रंग बघत होते. आप्पांचं कुलपांचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी कुलपं उघडली, दुरुस्त केली, किल्ल्या घासल्या. ते दुकानात एकेका शेगडीपुढे वाकले, बटणं फिरवली, आणि माझ्यापाशी आल्यावर म्हणाले, "हिचा आवाज स्वच्छ आहे. हीच घ्या." दुकानदाराला हसू आवरेना. म्हणाला, "काका, रेडिओ नाही हो हा." आप्पा म्हणाले, "ठाऊक आहे. रेडिओ असता तर आवाजाला एवढं महत्त्व दिलं नसतं."

तर अशी मी त्या घरी आले. स्वयंपाकघर अरुंद, सिंकवर एक खिडकी, डाव्या हाताला ओटा. त्या ओट्यात मला बसवलं. फ्रिजच्या बाजूला, भिंतीवर, माझं एक मोठं बटण लावलं, सगळी वीज एका फटक्यात तोडणारं. माझ्या कपाळावर एक बारीकसा लाल दिवा होता. चारांपैकी कुठलाही बर्नर चालू असला की तो लागायचा. त्या दिव्याचा मला फार अभिमान होता. तीन वर्षांपूर्वी तो गेला. मुलाने मला थोडं उचललं, आत डोकावून पाहिलं, सुटलेल्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाला, "दिवाच गेलाय नुसता. बाकी सगळं चालतंय. बघू नंतर." त्याचं ते नंतर काही उगवलं नाही.

सून एका दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर काम करते. स्वच्छतेचं तिला वेडच आहे. घरी आली की पर्स ठेवायच्या आधी ती माझ्याकडे बघायची. चारही बटणं खेचून काढायची, साबणाच्या पाण्याचा फवारा मारायची, ठिबकत्या स्पंजने घासायची. पाहुणे म्हणायचे, "नवी घेतलीत का शेगडी?" आणि तिचा चेहरा खुलायचा. खोटं कशाला बोलू, मलाही गुदगुल्या व्हायच्या. ते पाणी बटणाच्या दांडीवरून आत उतरतंय, स्विचवर साचतंय, हे मला जाणवत होतं. पण मी मिरवत होते. माझ्या दुःखात माझाही वाटा आहे, तो हा.

मग आप्पांचे डोळे अंधुक झाले. आकार आणि रंग एकमेकांत मिसळून दिसू लागले. दुकान बंद झालं. दिवसभर घरात बसून माणूस करणार काय? त्यांनी दोन कामं स्वतःकडे ठेवली. शेजारपाजारचं कोणी अडकलेलं कुलूप घेऊन आलं की ते हाताने आणि कानाने उघडून द्यायचं, हे एक. आणि दुपारी चार वाजता चहा करायचा, हे दुसरं.

चहा त्यांच्या एकट्यासाठी नसे. समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमन रोज चारला यायचे. अख्ख्या गावाची पत्रं वाटलेला माणूस, त्यांना प्रत्येक घराची बातमी ठाऊक आणि ती पोटात राहत नसे. पहिला कप गरम गरम आणि दुसरा गप्पा रंगल्यावर, असा त्यांचा नेम होता. म्हणून आप्पा पहिले दोन कप ओतून, उरलेल्या चहाचं पातेलं त्याच बर्नरवर परत ठेवायचे. बर्नर बंद, पण कोमट. दुसऱ्या कपाला तेवढी ऊब पुरायची.

त्यांचा बर्नर म्हणजे डावीकडचा पुढचा छोटा. त्याच्या बटणाच्या कडेवर आप्पांनी कानशीने दोन खाचा पाडल्या होत्या, एक खोल, बंदसाठी, आणि एक उथळ, मध्यम आचेसाठी. मुलगा कुरकुरला होता, "अहो आप्पा, चांगलं बटण कापलंत." पण त्या दिवसापासून तो बर्नर आप्पांचाच झाला. पुसण्यापलीकडे घरात दुसरं कोणी त्याला हात लावत नसे. पुढे सगळा घोटाळा झाला तो त्यामुळेच.

तो पहिल्यांदा झाला त्या दुपारी आप्पांनी रोजच्यासारखा चहा केला, ओतला, बटण खोल खाचेपर्यंत फिरवलं. टक् वाजलं. पातेलं परत ठेवून, दोन कप घेऊन, भिंतीला कोपर लावत ते बाहेरच्या खोलीत गेले.

आणि वीज थांबली नाही.

स्विचच्या आत चांदीचे दोन ठिपके असतात. ते टेकले की वीज वाहते, सुटले की थांबते. साबणाच्या पाण्याने ते खराब झाले होते, ठिणग्या खाऊन खाऊन खडबडीत झाले होते. त्या दिवशी ते एकमेकांना चिकटले. बटण फिरलं, खटका पडला, आवाजही झाला, पण ठिपके सुटले नाहीत. मी टक् म्हणाले आणि बंद झालेच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं बोलले होते, तेही माझ्या मनात नसताना.

बर्नर लाल झाला. पातेल्यातला चहा आटला, करपला, पातेल्याची मूठ वितळून ओघळली. मी काय करू शकत होते? माझा दिवा मेलेला. मी ओरडू शकत नाही, हलू शकत नाही. बाहेरून पोस्टमनांच्या हसण्याचा आवाज येत होता. शेवटी त्यांनाच वास आला. ते धावत आत आले आणि त्यांनी भिंतीवरचं मोठं बटण दाबलं. त्यांच्या मागोमाग आप्पा आले, माझ्याजवळ चाचपडत उभे राहिले.

संध्याकाळी मुलगा आणि सून आल्यावर विचारपूस झाली.

"मी बंद केलं होतं," आप्पा म्हणाले. "टक् ऐकलं मी."

"मी आलो तेव्हा लालबुंद होती बघा," पोस्टमन म्हणाले. त्यांना खरं बोलायची खोड होती. "मी भिंतीवरचं बंद केलं. पुढचं बटण काही मी बघितलं नाही."

मुलाने बघितलं. बटण बंदच्या खुणेवर होतं. तो हलक्या आवाजात म्हणाला, "आप्पा, गडबडीत तुम्ही नंतर फिरवलं असेल. होतं असं."

"नंतर नाही रे. आधी."

मुलगा चांगला आहे, मित्रांनो. त्याने बापावर लगेच ठपका ठेवला नाही. त्याने वीज चालू केली आणि ते बटण दहा वेळा चालू-बंद करून पाहिलं. पण तोवर मी गार झाले होते, आणि गार होताना ते ठिपके आपोआप सुटले होते. दहाच्या दहा वेळा मी गुणी मुलीसारखी बंद झाले. दहाही वेळा स्वच्छ टक् वाजलं. मला तेव्हा बिघडायचं होतं. एवढं मनापासून मी आजवर काही मागितलं नसेल. पण बिघडणंसुद्धा माझ्या हातात नव्हतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच झालं. पुन्हा बटण बंदवर, पुन्हा पातेलं काळं. या वेळी सून म्हणाली, "आप्पा, विसरलात तर विसरलात. आम्ही काही रागावणार नाही. पण नंतर बटण फिरवून ठेवू नका हो. त्याने खरं काय ते आम्हाला कळत नाही." ती प्रेमानेच म्हणाली. मग ती फवारा घेऊन आली आणि सांडलेलं, करपलेलं सगळं तिने घासून काढलं. पाणी पुन्हा आत उतरलं.

त्यानंतर आप्पा बटण बंद करून तिथेच उभे राहू लागले. पुन्हा चालू करायचे, पुन्हा बंद करायचे, टक् नीट ऐकायचे. कधी तीनदा, कधी चारदा. प्रत्येक खेपेला आत ठिणगी पडायची आणि ठिपके आणखी खराब व्हायचे. ते जितकी काळजी घेत होते तितकी मी बिघडत होते. हे बघणं फार वाईट होतं.

एकदा शेजारची एक बाई कपाटाचं कुलूप घेऊन आली. आप्पांनी ते कानाशी धरलं, किल्ली थोडी फिरवली आणि परत दिलं. "दुसरीकडे दाखवा," ते म्हणाले. ती गेल्यावर पोस्टमनांनी विचारलं, "का हो? असली कुलपं तर तुम्ही झोपेत उघडता."

आप्पांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला वाटतं, टक् मला नुसतं मनातच ऐकू येतं."

पोस्टमनांनी त्या दिवशी दुसरा कप मागितला नाही.

तिसऱ्या वेळी जवळच्या फडक्याने पेट घेतला. खिडकीचा पडदा खालून जळाला. सून घरात होती म्हणून निभावलं. त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर आप्पा स्वतःच म्हणाले, "मला लेकीकडे पाठवा. तिच्याकडे दिवसभर माणसं असतात. इथे तुम्ही दोघं बाहेर, आणि माझा मला भरवसा नाही. एखाद्या दिवशी घर पेटवून द्यायचो."

"असं नका बोलू आप्पा," मुलगा म्हणाला. पण जाऊ नका असं काही तो म्हणाला नाही. लेकीचं घर दुसऱ्या गावी होतं, दिवसभराच्या प्रवासाचं. तिथे ना पोस्टमन, ना ओळखीचा जिना, ना भिंतीचे पाठ असलेले कोपरे. सगळ्यांना ते कळत होतं. आणि मला तर त्याहून जास्त कळत होतं, कारण खरा गुन्हेगार त्या घरात मी होते.

जायच्या दिवशी सकाळी आप्पा एकटे स्वयंपाकघरात आले. त्यांनी बटणावरची खोल खाच अंगठ्याने चाचपली. बटण एकदा चालू केलं, बंद केलं, टक् ऐकलं. मग माझ्या पत्र्यावर थोपटल्यासारखं करून म्हणाले, "तुझं काही नाही गं चुकलं. तुझा आवाज अजून स्वच्छ आहे."

मित्रांनो, कोणी मला घणाने ठोकलं असतं तरी चाललं असतं.

ते गेले. तिसऱ्या दिवशी सुनेला सुट्टी होती. मोठ्या बर्नरवर स्वयंपाक चालू होता, म्हणून तिने दूध आप्पांच्या बर्नरवर ठेवलं. दूध वर आलं तसं तिने बटण बंद केलं. टक् वाजलं. तिने ते ऐकलं, मी सांगते तुम्हाला, तिची मान जराशी हलली होती. बाकीचे बर्नर बंद करून ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली.

परत आली तेव्हा घरात धूर होता. दुधाचं भांडं आतून काळं झालं होतं. तिने भांडं फडक्याने उचलून सिंकमध्ये टाकलं आणि भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला. तो हात मध्येच थांबला. तिने माझ्या बटणाकडे बघितलं. खोल खाच बरोबर बंदच्या खुणेसमोर होती. तिने मागे वळून स्वयंपाकघरात बघितलं, बाहेरच्या खोलीत बघितलं. घरात दुसरं कोणीच नव्हतं.

तिने भिंतीवरचं बटण दाबलं नाही. आसपासचं सगळं सामान उचलून लांब ठेवलं, एक खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली. मग नवऱ्याला फोन लावला. "घरी ये," ती म्हणाली. "बटण बंद आहे. बर्नर लाल आहे. आणि आप्पा इथे नाहीत."

तो येईपर्यंत अर्धा तास ती तशीच राखण करत बसली. मी लालबुंद जळत होते आणि ती माझ्याकडे बघत होती, डोळे पुसत होती. मला गार होऊ दिलं असतं तर मी पुन्हा साळसूद झाले असते. तिने तसं होऊ दिलं नाही. मुलगा आला, दारातच थबकला. त्याने बटण हाताने आणखी दाबून बघितलं, फिरवून बघितलं. टक् वाजलं, लाली तशीच राहिली. तो ओट्याला टेकून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी वायरमनचं काम करणाऱ्या एक बाई आल्या. कपाळाला टॉर्च, कमरेला पक्कड, बोलणं मोजकं. त्यांनी आधी मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, मग माझं झाकण उचललं. सगळ्या वायरींचा फोटो काढला. डाव्या पुढच्या स्विचची एक वायर काढली, तिला रंगीत पट्टी लावली, मग दुसरी काढली. स्विच सुटा करून त्यांनी तो बारीक स्क्रू ड्रायव्हरने उघडला आणि उजेडात धरला.

"हे बघा. चिकटलंय आत. हा कधी बंद होणार, कधी नाही, त्याचं त्याला ठाऊक." त्यांनी नखाने वरचा पांढरा थर खरवडला. "आणि हा साबण आहे. फवारा मारता का हो?"

सुनेने ओट्यावरची फवाऱ्याची बाटली मागे सरकवली.

बाई पुढे बघत होत्या. चिकटपट्टी गुंडाळलेली वायर त्यांच्या हाती लागली. "ही दिव्याची ना? हा चालू असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. बटण बंद आणि दिवा लागलेला, आंधळ्यालाही..." त्या थांबल्या. घरातल्या दोघांचे चेहरे बघून त्यांना आपलं काहीतरी चुकलं एवढं कळलं असावं. मुलगा खाली बघत म्हणाला, "चारही बदला. दिवा पण."

त्यांनी चारही स्विच बदलले, फोटो बघत एकेक वायर जागेवर लावली. प्रत्येक वायर लावल्यावर एकदा ओढून बघितली. मला त्या शेडमधली बाई आठवली. आप्पांचं खाचांचं बटणही पुसून नव्या स्विचवर परत बसवलं. जाताना म्हणाल्या, "पिळलेल्या फडक्याने पुसत जा. आणि काही शंका आली तर आधी उघडून बघत जा. वरून सगळ्याच शेगड्या बऱ्या दिसतात."

संध्याकाळी मुलाने आप्पांना फोन केला. त्याने सगळं सांगितलं. मग आप्पा एवढंच म्हणाले, "तो स्विच फेकू नका."

मुलगा स्वतः जाऊन त्यांना घेऊन आला. घरी आल्यावर पाणीसुद्धा न पिता आप्पा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी हात पुढे केला. सुनेने तो जुना स्विच त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी दांडी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. मग उघड्या भागात नख घालून ते ठिपके चाचपले.

"खटका पडतोय, पण पट्टी सुटत नाही," ते म्हणाले. "अशी कुलपं यायची माझ्याकडे. किल्ली फिरते, आवाज येतो, माणूस निर्धास्त निघून जातो. आणि दार उघडंच राहतं." थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे कान बरोबर होता माझा."

"चुकलो आम्ही, आप्पा," मुलगा म्हणाला. "मी दहा वेळा तपासलं होतं हो."

"तपासलंस ना. दहा वेळा शेगडीला विचारलंस," आप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मला एकदाच."

सून त्यांच्या पायाशी बसली होती. तिने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, आणि ते तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

त्या गोष्टीला आता वर्ष होत आलं. कपाळावरचा दिवा लागतो. फवारा गेला, पिळलेलं फडकं आलं. पोस्टमन रोज चारला येतात आणि पूर्वीसारखेच दोन कप पितात. आप्पा पुन्हा शेजाऱ्यांची कुलपं बघू लागलेत, पण उघडलेलं कुलूप परत देताना म्हणतात, "एकदा तुम्हीही बघून घ्या." असं ते पूर्वी कधी म्हणत नसत.

मित्रांनो, घरातलं यंत्र वरून पुसलं म्हणजे त्याची काळजी घेतली असं होत नाही. गेलेला दिवा बदला. आतलं कोणाकडून तरी तपासून घ्या. आणि घरातलं म्हातारं माणूस म्हणालं, की मी बंद केलं होतं, तर आधी माझं झाकण उघडा. स्विच बदलता येतो. तासाभराचं काम आहे ते. पण चार महिन्यांत आप्पांच्या मनातून जे गेलं, ते बसवून द्यायला अजून कोणी आलेलं नाही.

आजही चहा झाला, की आप्पा बटण खोल खाचेपर्यंत फिरवतात. टक् वाजतं, दिवा विझतो. तो त्यांना दिसत नाही. ते तळहात माझ्यावर धरून उभे राहतात, ऊब कमी होते का ते बघतात. मग आत कोणी असेल तर विचारतात, "बंद झालं ना?" सून असली तर म्हणते, "झालं आप्पा, दिवा पण विझला." पोस्टमन असले तर तेही सांगतात. पण कधी घरात कोणीच नसतं. तेव्हा ते वाकून मलाच विचारतात, "झालीस ना गं बंद?"

मी झालेली असते. अगदी खरंच बंद झालेली असते. पण हो म्हणायला माझ्याजवळ त्या एका टक्शिवाय काही नाही, आणि ते तर त्यांनी आधीच ऐकलेलं असतं.